दुकानात हिरवं, घरी तपकिरी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन भिडतो. वर उड्डाणपूल आणि खाली एसटी, कांद्याचे ट्रक, रिक्षा, दुचाक्या यांची दिवसभराची कोंडी. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे, मुंबईच्या रस्त्याने दीडशे किलोमीटरहून लांब. तरीही या शहरात घरातच खारं पाणी तयार करून त्यात समुद्रातले जीव सांभाळणारे हौशी लोक आहेत. संख्येने थोडे, पण चिकाटीचे. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्यावर हात बसला की त्यांतल्या काहींना क्लाउनफिश खुणावू लागतो, आणि क्लाउनफिशच्या मागोमाग दाराशी येतं ते कोरल, म्हणजे प्रवाळ आणि त्याची भावंडं.

मग एक ठरलेली तक्रार सुरू होते. “दुकानात बघितलं तेव्हा रेडियमसारखं चमकत होतं. घरी आणलं आणि महिन्या-दीड महिन्यात तपकिरी पडलं.” दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, “दादा, आधी पाणी तपासा.” गिऱ्हाइकाला वाटतं, रंग लावून विकलं. दुकानदाराला वाटतं, यांना सांभाळता येत नाही. मुंबई, पुणे, बंगळुरू, सिंगापूर, कुठेही जा, हा संवाद असाच कानी पडतो.

रंग लावण्याचे प्रकार जगाच्या बाजारात झालेले आहेत, हे खरं. पण ते अपवाद. बहुतेक वेळा गिऱ्हाईकही खोटं बोलत नसतं आणि दुकानदारही नाही. कोरलचा रंग एकट्या कोरलचा नसतोच. त्यात तीन वाटेकरी असतात: वरून पडणारा प्रकाश, कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल आणि कोरल हा प्राणी स्वतः. दुकानातून पिशवीत बांधून घरी येतो तो प्राणी आणि त्याचं शैवाल. प्रकाश दुकानातच राहतो.

सुरुवात प्रकाशापासूनच करावी लागते, कारण पहिल्याच संध्याकाळी जाणवणारा फरक त्याचा असतो. सागरी जीवांच्या टाकीवर बहुधा निळे एलईडी असतात, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचे. धंद्यात त्यांना ‘रॉयल ब्लू’ म्हणतात. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साडेपाच ते साडेसहा हजार केल्विन धरलं जातं. या टाक्यांचे दिवे मात्र १० हजार, १४ हजार, २० हजार केल्विन असे आकडे छापून विकले जातात. आकडा जितका मोठा तितकी निळाई जास्त.

निळ्या उजेडाखाली कोरल पेटल्यासारखं का दिसतं, यात अर्धा वाटा आपल्या डोळ्यांचा आहे. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो बराच मंद प्रतिसाद देतो. त्यामुळे निळ्या दिव्यांची टाकी आपल्याला अंधारी वाटते, पण पाण्यात पडणारी ऊर्जा भरपूर असते. कोरलच्या अंगातली काही प्रथिनं ही निळी ऊर्जा शोषतात आणि हिरव्या, नारिंगी किंवा लाल रंगात परत सोडतात. आसपास अंधार, मध्येच डोळ्याला सर्वांत ठळक दिसणारा हिरवा. बघणारा जागीच थबकतो. घरच्या टाकीवरचा दिवा पांढरट असेल, खोलीत ट्यूबलाइट असेल, खिडकीतून ऊन येत असेल, तर तेच प्रथिन तोच हिरवा प्रकाश सोडत असूनही सभोवतालच्या पांढऱ्या उजेडात तो बुडून जातो. कोरलमध्ये काडीचाही बदल झालेला नसतो.

निळा दिवा लावणं ही फसवणूक आहे असं मात्र कुणी म्हणू नये. समुद्राचं पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग आधी गिळतं. वरच्या काही मीटरांतच लाल रंग जवळजवळ संपतो आणि वीसेक मीटर खाली स्वच्छ पाण्यात उरतो तो मुख्यतः निळा प्रकाश. त्या खोलीवरच्या प्रवाळांची दुपार निळीच असते. उलट, त्यांना पांढऱ्या दिव्याखाली बघणं हाच मानवी हट्ट म्हणता येईल. गडबड होते ती विक्रीच्या फोटोत. मोबाइलचा कॅमेरा निळ्या उजेडात गोंधळतो, रंग आपल्या मनाने वर-खाली करतो, वर कुणी नारिंगी फिल्टर लावलेला असतो. अशा फोटोवरून कोरल निवडणाऱ्याच्या पदरी निराशाच पडते.

आता प्राण्याकडे वळू. प्रवाळ म्हणजे छोट्या पॉलिपांची वसाहत. प्रत्येक पॉलिपला तोंड, तोंडाभोवती शुंडकं आणि खाली चुन्याचा सांगाडा. हा सांगाडा पांढराशुभ्र असतो. नाशिकच्या सराफ बाजारात अंगठीत बसवून मिळतं ते पोवळं वेगळं. ते भूमध्य समुद्रातल्या दुसऱ्या जातीचं असतं आणि त्याचा तांबडा रंग सांगाड्यातच मुरलेला असतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या टिकतो. खडक बांधणाऱ्या प्रवाळाचा रंग सगळा त्याच्या पातळ, जिवंत कातडीत असतो. कातडी गेली की रंग गेला.

या कातडीच्या पेशींमध्ये शैवाल राहतं. चौरस सेंटिमीटरभर जागेत त्याच्या दहा लाख किंवा त्याहून जास्त पेशी असू शकतात. दिवसा ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. उथळ, उजेडाच्या पाण्यात प्रवाळाच्या ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज त्यातून भागू शकते. शैवालात हरितद्रव्याबरोबर पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्यामुळे ते सोनेरी तपकिरी दिसतं. याचा सरळ अर्थ असा की प्रवाळाचा मूळ रंग तपकिरीच आहे. निळा, जांभळा, हिरवा, गुलाबी हे त्यावर चढलेले रंग.

ते चढवतो तो प्राणी स्वतः. जपानी शास्त्रज्ञ शिरो कावागुती यांनी पलाऊ बेटांवरच्या संशोधन केंद्रात काम करताना प्रवाळांतल्या हिरव्या चमकत्या रंगद्रव्याचं वर्णन केलं आणि प्रखर उन्हापासून रक्षण हे त्याचं काम असावं असं सुचवलं. साल होतं १९४४, जग महायुद्धात होरपळत असतानाचं. पुढे २००० साली अन्या सालिह आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये या कल्पनेला पुरावा दिला. उथळ पाण्यात ही रंगद्रव्यं आतल्या शैवालावर पडणारा जादा प्रकाश अडवतात. खोल पाण्यात, जिथे उजेडाचीच टंचाई, तिथे काही लाल प्रथिनं उलटं काम करतात. निळा प्रकाश घेऊन त्याचा नारिंगी-लाल करतात आणि तो कातडीत खोलवर बसलेल्या शैवालापर्यंत पोचवतात. म्हणजे ज्या रंगाला आपण शोभा समजतो, तो एकीकडे छत्री असतो आणि दुसरीकडे दिवा.

या रंगांच्या अभ्यासात मत्स्यालयांनी जो भाग घेतला, तो थोडा थांबून सांगण्यासारखा आहे. जेलीफिशमधलं हिरवं चमकतं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली वेगळं केलं. पुढे मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासह त्यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जिवंत पेशीत काय चाललं आहे हे दाखवणारी खूण म्हणून ते हिरवं प्रथिन प्रयोगशाळांत रुळलं, पण सगळ्यांना लाल हवं होतं. शोध मात्र चालला होता स्वतःहून उजेड पाडणाऱ्या जीवांमध्ये. मॉस्कोतल्या संशोधकांनी वेगळा विचार केला. युलीय लाबास, मिखाइल मात्झ, सर्गेय लुक्यानोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉस्कोत टाक्यांमध्ये पाळलेले प्रवाळ आणि त्यांचे नातेवाईक तपासायला घेतले. स्वतः उजेड न पाडणाऱ्या या प्राण्यांमध्ये तशाच घडणीची प्रथिनं निघाली. त्यांतलं एक, डिस्कोसोमा नावाच्या, धंद्यात ‘मशरूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीवातलं, ५८३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देणारं होतं. १९९९ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त ते प्रसिद्ध झालं आणि जगभर डीएस-रेड या नावाने वापरात आलं. मॉस्को समुद्रापासून नाशिकपेक्षा कितीतरी लांब आहे. जीवशास्त्राला लाल रंग मिळाला तो खडकावरून नव्हे, काचेच्या पेटीतून.

यानंतरचं सर्वांत उपयोगी काम झालं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात, योर्ग वीडनमान आणि सेसिलिया डी’अँजेलो यांच्या प्रयोगशाळेत. तिथेही प्रवाळ टाक्यांतच वाढवले जातात. म्हणून त्यांचे निष्कर्ष घरच्या टाकीवाल्याला थेट लागू पडतात. ही रंगद्रव्यं बनवण्याचा हुकूम प्रामुख्याने निळा प्रकाश देतो, हे त्यांनी २००८ साली दाखवलं. तो हुकूम सगळ्या रंगांना सारखा नसतो. काही प्रथिनं मंद प्रकाशातही तयार होतात, तर काही, विशेषतः जांभळी-निळी, प्रकाश बराच प्रखर झाल्याशिवाय पुरेशी बनतच नाहीत. घरचा दिवा हिरव्यापुरता पुरेसा आणि जांभळ्याला अपुरा, असं घडू शकतं. मग लोक म्हणतात, “हिरवं टिकलं, जांभळं का गेलं?” त्याचं कारण हे.

दुसरा निष्कर्ष त्याहून मोलाचा, आणि नवख्या हौशींना तो सहसा कुणी सांगत नाही. एकदा तयार झालेलं रंगीत प्रथिन लवकर मोडत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा अर्धायुकाल सुमारे वीस दिवस निघाला. नवं प्रथिन बनणं पूर्ण थांबलं असं धरलं, तरी वीस दिवसांनी निम्मं, चाळीस दिवसांनी पाव आणि साठ दिवसांनी अष्टमांश उरणार. आता ती ठरलेली तक्रार पुन्हा आठवून बघा. दुकानात नुकतंच उतरलेलं कोरल जो रंग मिरवत असतं, तो दुकानाचाही नसतो. ज्या समुद्रात किंवा ज्या शेतीत ते वाढलं तिथल्या उन्हाची ती शिल्लक असते. इंडोनेशियासारख्या देशांत तुकडे लावून प्रवाळांची शेती होते, उष्ण कटिबंधातल्या भर उन्हात. तो रंग अंगावर घेऊन कोरल विमानात बसतं, दुकानात चार-आठ दिवस राहतं, घरी येतं. घरच्या दिव्याचा खरा निकाल लागायला महिना-दोन महिने जातात. गिऱ्हाइकाला वाटतं घरी येऊन बिघडलं. वास्तविक ते दुकानातच राहिलं असतं तरी बदललंच असतं, फक्त बघायला कुणी गेलं नसतं.

शिवाय जनुकांचा भाग आहेच. एकाच जातीचे, एकाच दिव्याखाली वाढलेले दोन प्रवाळ एक लालभडक आणि एक फिका असू शकतात. अॅक्रोपोरा मिलेपोरा या जातीत लाल प्रथिनाच्या जनुकाच्या अनेक प्रती असतात आणि कुणात किती प्रती कामाला लागलेल्या आहेत यावर रंगाची गडदता ठरते, हे याच प्रयोगशाळेने २०१५ साली मांडलं. शेजाऱ्याच्या टाकीतला रंग आपल्याकडे का येत नाही, या प्रश्नाचं उत्तर कधीकधी इतकं सरळ असतं.

उरलं पाणी. दुकानदाराचं “पाणी तपासा” हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं तरी निराधार नाही. घरच्या टाकीत मासे असतात, त्यांना पोरं-बाळं कौतुकाने दोन वेळा जास्तीचं खायला घालतात, उरलेलं तळाशी कुजतं. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं. प्रवाळ-खडकांभोवतीच्या समुद्रात ही दोन्ही अगदी नाममात्र असतात आणि तिथे प्रवाळ आपल्या आतल्या शैवालाला नायट्रोजनच्या टंचाईत ठेवून त्याची संख्या आटोक्यात राखतो. टाकीत खत मिळालं की शैवाल फोफावतं. पेशींची गर्दी होते, वरचे रंग त्या तपकिरीखाली झाकले जातात. उजेड कमी असेल तर आणखी एक गोष्ट घडते. आहे तेवढा प्रकाश पकडण्यासाठी शैवालाची प्रत्येक पेशी जास्त रंगद्रव्य साठवते. तपकिरी आणखी गडद होतो.

नाशिकच्या हौशीला पाण्याची तयारी मुळापासून करावी लागते. नळाला येतं ते मुख्यतः गंगापूर धरणातलं, गोदावरीचं पाणी, शुद्ध करून क्लोरीन घातलेलं. माणसाला ते उत्तम, पण त्यात विरघळलेले क्षार कोरलच्या टाकीत हळूहळू साठत जातात. म्हणून ते आधी आरओतून काढायचं, मग उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून, टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत. नंतर त्यात सागरी मीठ मिसळून घनता १.०२५ च्या आसपास आणायची, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. दर आठवड्या-पंधरवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून हे नवं घालायचं. ज्या घरात ही शिस्त आहे, तिथे रंग टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

पण इथेच पाय घसरतो. रंग हवा म्हणून पाणी इतकं ‘स्वच्छ’ करायचं की नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायचं, अशी एक लाट या छंदात येऊन गेली. जर्मनीतून पसरलेल्या झिओलाइटच्या पद्धतीने फिके, मोत्यासारखे रंग मिळू लागले आणि जगभर त्याची नक्कल झाली. त्या पद्धतीत बाहेरून बेताने अन्न पुरवणं हाही भाग होता. नक्कल करणाऱ्यांनी तो सोडून दिला. परिणाम म्हणजे उपाशी शैवाल. साउदॅम्प्टनच्या गटाने २०१३ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवलं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट मात्र कमी, अशी स्थिती सर्वांत घातक. तशा पाण्यात शैवालाच्या पटलांची घडण बदलते आणि एरवी सहन झाली असती एवढ्या उष्णतेत, एवढ्या प्रकाशात प्रवाळ पांढरा पडतो. टाकीत फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे सढळ हाताने ओतणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

म्हणून स्पष्टच लिहायचं तर, तपकिरी कोरल बघून नाक मुरडणं चूक आहे. पॉलिप पूर्ण उघडलेले, कडांना नवी वाढ आणि रंग तपकिरी, असं कोरल खाऊनपिऊन सुखी आहे. काळजी करायची ती ज्याचा तपकिरी भराभर उतरून ते अचानक सुंदर दिसू लागलं त्याची.

हे विधान उलटं वाटेल, पण त्याला आधार आहे. प्रवाळ ज्या पाण्यात राहतो तिथल्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या तापमानापेक्षा एक अंश सेल्सिअस जादा उष्णता काही आठवडे टिकली की तो शैवाल बाहेर टाकू लागतो. शैवाल गेलं की पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. काही प्रवाळ मात्र पांढरे न होता झगझगीत निळे, गुलाबी, पिवळे होतात. एलेना बोलाटी, वीडनमान आणि सहकाऱ्यांनी २०२० साली त्यामागची साखळी ‘करंट बायॉलॉजी’त मांडली. शैवाल कमी होतं, आत येणारा प्रकाश शोषला जात नाही, सांगाड्यावरून परावर्तित होऊन पेशींत खेळत राहतो, त्यातल्या निळ्या भागामुळे प्राणी रंगद्रव्य आणखी बनवतो. हा रंगांचा थर उन्हाची तीव्रता कमी करून शैवालाला परत येण्याची संधी देतो. तो मदतीचा आकांत असतो. घरातले मात्र फोटो काढत असतात.

नाशिकमध्ये ही वेळ यायला फार काही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो, तर डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे तो पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. टाकीला मात्र बारा महिने २५-२६ अंश लागतात. म्हणजे उन्हाळ्यात चिलर, थंडीत हीटर, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. मे महिन्यातल्या दुपारी दोन-चार तास वीज नसली की पाणी तापतं, पंप थांबल्याने प्राणवायू घटतो. जुन्या दुकानांत टाक्या मोठ्या आणि एकमेकींना जोडलेल्या असल्या तर पाण्याचं तापमान सावकाश हलतं. घरची शंभर लिटरची टाकी त्या मानाने झटक्यात तापते. दुकानातला आणि घरचा रंग यांतलं काही अंतर निव्वळ लिटरांच्या हिशेबातलं असतं.

या सगळ्याआधी विचारायचा प्रश्न मात्र कायद्याचा आहे. भारताने २००१ साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. आपल्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. शोकेसमध्ये ठेवायला आणलेला मेलेला, पांढरा सांगाडासुद्धा त्यात आला. परदेशी दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो करार आपल्या कायद्याचा भाग झाला. त्यामुळे विक्रेत्याकडे कागद मागण्यात संकोच नको. कागद नसतील तर तो रंग कितीही मोहक असो, घरी आणू नये. मशरूम आणि झोआंथिड हे प्रवाळांचे नातेवाईक २००१ च्या त्या यादीत नाहीत. रंगांची हौस मात्र त्यांच्यातही तितकीच भागते आणि रंगांची गणितंही तीच लागू होतात.

खरा प्रवाळ महाराष्ट्रात बघायचा तर मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा समुद्र धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. नाशिकहून दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जाणारे, स्नॉर्कलिंग-स्कूबा करणारे पुष्कळ. पाण्यातून वर आल्यावर काही जण हिरमुसतात. व्हिडिओत दाखवतात तसे रंग कुठेच दिसले नाहीत म्हणतात. कसे दिसतील? पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ, गढूळ हिरवट पाणी, आणि त्यात पोराइटिस, फॅविटिस, टर्बिनेरिया यांसारख्या प्रवाळांचे गोलसर किंवा पसरट गोळे, खाकी, तपकिरी, शेवाळी. गाळ सोसून, मंद उजेडात शैवालाच्या जिवावर तगलेले हे प्रवाळ ज्या रंगाचे असायला हवेत त्याच रंगाचे आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. इथल्या ब्लीचिंगची नोंद त्यांनी २०१५ साली ‘करंट सायन्स’मध्ये केली आणि पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे होणाऱ्या मोडतोडीबद्दल २०२० साली ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये लिहिलं. शेकडो वर्षांची वाढ असलेल्या गोळ्यावर फोटोसाठी पाय ठेवला जातो, ही गोष्ट वाचतानाही संताप येतो. आणखी खोल, स्वच्छ पाण्यातले प्रवाळ आपल्याकडे आहेत ते विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर. तिथे हौशी प्रवाशाला जाणं सोपं नाही.

मुंबई त्यापेक्षा जवळ. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे अनेक मुंबईकरांना समजलं ते कोस्टल रोडच्या कामामुळे. २०२० च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली तिथल्या अठरा वसाहती उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर त्यांच्याहून विपुल दिसतात ते झोआंथिड. एकमेकींना चिकटून बसलेल्या बटणाएवढ्या चकत्या, मधे हिरवट छटा, कडेला तपकिरी झालर. दुकानात निळ्या दिव्याखाली हेच प्राणी, किंवा यांची सख्खी भावंडं, मोठमोठ्या इंग्रजी नावांनी आणि चकतीगणिक किमतीने विकली जातात. मुंबईच्या उन्हात, गढूळ पाण्यात ती फुकट बघायला मिळतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट तिथे लोकांना ओहोटीच्या वेळी फिरवून किनाऱ्यावरचे जीव दाखवतो.

नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली तर दुपारच्या आत मुंबई. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून उजेड असतानाच खोल ओहोटी असलेला दिवस निवडावा लागतो. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असे दिवस मिळतात. जाताना पकड असलेले बूट घालावेत, दगड उलटले तर पुन्हा होते तसे ठेवावेत, आणि झोआंथिडांना हात लावू नये. एक तर तो त्यांचा जीव, आणि दुसरं म्हणजे पॅलिथोआ गटातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. टाकीतला दगड गरम पाण्याने धुताना किंवा ब्रशने खरवडताना त्याची वाफ-तुषार श्वासात जाऊन घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी युरोप-अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. घरी झोआंथिड सांभाळणाऱ्याने त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि मुलांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावं.